परदेशात राहिलेले रडणे

आमच्या कचेरीत तुरीच्या टरफलांचा वास येत असे. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला तो गाळा पूर्वी दालमिलचा होता. भिंतींना निळा रंग दिला, खिडक्यांना काळ्या काचा लावल्या, थंड हवेची यंत्रे बसवली, तरी ऊन चढले की भिंती तो जुना, कोरडा, किंचित गोडसर वास सोडू लागत. त्या वासात बसून, कानांवर जाडजूड हेडफोन चढवून, मी एका बाईचे रडणे ऐकले. त्या रडण्याला ताल होता. वृत्तात यती पडावा तसा हुंदका नेमक्या जागी पडत होता, आणि हुंदक्यानंतरची ओळ आधीच्या ओळीचा हात धरून वर चढत होती. उमेदीची सगळी वर्षे मी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर कविता शिकवण्यात घालवली होती. इतके निर्दोष रडणे मला कोणत्याही अभ्यासक्रमात भेटले नव्हते. यंत्राने मात्र त्याभोवती लाल चौकट काढली होती आणि खाली इंग्रजीत शेरा मारला होता : स्त्रीवर बळजबरी होत असल्याचा संशय.

माझी ही दुसरी नोकरी नेमकी काय होती, हे नातेवाइकांना मी कधीच नीट समजावू शकले नाही. इथे प्रयत्न करते. लोक नाचाचे, गाण्याचे, नकलांचे चिमुकले व्हिडिओ एका अ‍ॅपवर टाकत. अ‍ॅप चिनी मालकीचे होते. टाकलेला प्रत्येक व्हिडिओ आधी यंत्र पाही; यंत्राला शंका आली की तो भाषेनुसार माणसांकडे पाठवला जाई. मराठी मुलखातल्या शंका आमच्याकडे येत. पडद्यावर दोन बटणे असत. इंग्रजीत त्यांची नावे लांबलचक होती. आम्ही त्यांना ‘पास’ आणि ‘बाद’ म्हणत असू. रक्त, शस्त्र, नग्नता, दारू, छळ, शिवीगाळ अशा एकेका पापासाठी नियमावलीत एकेक रकाना होता. व्हिडिओ ज्या रकान्यात बसेल त्याखाली तो बाद करायचा. कुठेच बसला नाही तर पास. काव्यसमीक्षेत इतक्या तातडीने आणि इतक्या निःशंकपणे निकाल देणारा समीक्षक मी पाहिलेला नाही, आणि इतका सातत्याने चुकणाराही नाही.

अ‍ॅपचे नाव सांगणार नाही. गुप्ततेच्या करारावर माझी सही आहे. करार जिच्याशी झाला ती कंपनी देशातून हद्दपार झाली, कंत्राटदाराने गाळा सोडला, तरी सही माझी आहे आणि मी अजून यवतमाळातच राहते.

यंत्र परदेशात वाढलेले असल्यामुळे त्याला आमचा संसार भीषण वाटे. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ त्याला रक्त वाटे. घाटंजीच्या आठवडी बाजारात टरबूज कापून दाखवणारा माणूस त्याला खुनी दिसे. सर्वांत मोठी दहशत विळीची. कोणी वांगी चिरू लागली की यंत्र ‘धारदार शस्त्र’ म्हणून किंचाळून उठे. शेवटी मी वरच्या मंडळींना सविस्तर खुलासा पाठवला, की ही विळी आहे, हिच्या पाटावर बाई बसलेली असते, आणि हिने कोणावर हल्ला करायचा झाल्यास त्या बाईला आधी गुडघ्यांवर हात टेकून उठावे लागेल, तोवर समोरचा माणूस नेरला पोचेल. खुलासा मंजूर झाला. जिल्ह्यातल्या तमाम स्वयंपाकघरांना मी निर्दोष सोडवले, याचा मला आजही अभिमान आहे.

कचेरीचा पत्ता गुप्त होता. फाटकावर पाटी नव्हती. आत फोन, कागद, पेन काहीही नेता येत नसे. फाटकावर वासुदेवराव नावाचे निवृत्त फौजी बसत, ते आमचे डबेसुद्धा उघडून पाहत आणि भाजी ओळखून परत देत. एवढ्या बंदोबस्तामुळे आमचा पत्ता फक्त समोरच्या पानठेलेवाल्याला, ऑटोवाल्यांना आणि त्यांच्यामार्फत नेरपासून घाटंजीपर्यंत सर्वांना ठाऊक होता. लोक सरळ फाटकाशी येऊन उभे राहत. एका पुढाऱ्याचा माणूस साहेबांच्या चाहत्यांची संख्या वाढवून मागायला आला. सासऱ्याने नाचताना ठुमका मारलेला व्हिडिओ बाद करून घ्यायला एक जावई आला. पाठोपाठ तो पास ठेवावा म्हणून सासरा आला. आमचे दोन शब्द त्या फाटकावरच गावोगाव पसरले. माणसे एकमेकांना विचारू लागली, तुहा पास का बाद?

आता त्या रडण्याकडे येते.

व्हिडिओ नेर तालुक्यातल्या एका तांड्यावरचा होता. एक म्हातारी बाई एका तरुण मुलीच्या गळ्यात पडून, गालाला गाल लावून, मोठ्याने रडत होती. वरच्या मंडळींनी तो जबरदस्तीच्या विवाहाच्या रकान्यात टाकून बाद केला होता. टाकणाऱ्या बाईने फेरतपासणीच्या चौकटीत तीनदा तेच वाक्य लिहिले होते : ‘हे माही याडी हाय. ते रडून नाई राह्यली, शिकवून राह्यली.’ याडी म्हणजे आई. बंजारा समाजात नवरी सासरी निघताना एकेका आप्ताच्या गळ्यात पडून जे गात रडते, त्याला ढावलो म्हणतात. ते आपोआप येत नाही. जाणत्या बायका लग्नाआधी मुलीला ते शिकवतात. व्हिडिओतल्या मंगलीबाई तांड्यातल्या मुलींना रडणे शिकवणाऱ्या गुरू होत्या, आणि त्यांची मुलगी जमना हिने ती शिकवणी टिपली होती.

वरच्यांना पटवायचे तर ओळीओळीचा अर्थ द्यावा लागणार होता. कागद-पेन न्यायला बंदी. ऐकण्याचा पडदा एक, लिहिण्याचा दुसरा. तेव्हा मी ते रडणे पाठ केले. लहानपणी स्तोत्रे पाठ केली तसे, आधी नाद आणि मग अर्थ. गोरबोली, म्हणजे बंजारांची भाषा, मला थोडी समजे, उरलेली मी तांड्यावरच्या एका सहकारी मुलीकडून समजून घेतली. त्या गाण्यातली नवरी बापाच्या दाराशी विचारत होती, की माझ्या पाणवाटेवरचा बाभळीचा काटा उद्यापासून कोणाच्या तळव्याला ओळखेल? मी इंग्रजीत अर्थ लिहिला, शेवटी जोडले की या प्रदेशात नवरी गाऊन रडते, हा छळ नव्हे, हे शास्त्र आहे. व्हिडिओ पास झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नियमावलीत त्या अर्थाची एक ओळ वाढली. माझ्या कवितेची एक ओळही कोणा संपादकाने कधी छापली नाही; जगातल्या एका बलाढ्य कंपनीने माझी एक ओळ काही देशांत लागू केली.

त्याच हिवाळ्यात दुसरा व्हिडिओ आला. घाटंजीकडच्या एका खेड्यातला जवान, तैनात होता कुठेतरी उंचावर, बर्फात. एका लावणीवर तो फार सुंदर नाचत होता. त्याच्या पाठीमागे तंबू होते, गाड्या होत्या, आकाशाकडे तोंड केलेली कसली तरी तबकडी होती आणि डोंगराची पुरी कड होती. यंत्राने शंका घेतली होती ती त्याच्या कमरेच्या हालचालीबद्दल. मी नियमावली वरपासून खालपर्यंत पाहिली. कमरेसाठी रकाना होता, डोंगरासाठी नव्हता. वरिष्ठांना विचारले, उत्तर आले की काहीही नियमबाह्य नाही, पास करावे. मी पास केले.

करारात बसत नव्हते तरी संध्याकाळी मी ते वासुदेवरावांना सांगितले, नाव-गाव वगळून. ते बराच वेळ माझ्या रिकाम्या डब्याचे झाकण लावत राहिले.

“पोट्टं नाचून राह्यलं ते समदे पाह्यतीन, मॅडम,” ते म्हणाले. “मांगचा डोंगर पाहासाठी तिकडे कोन बसलं हाय, ते कोनाले मालूम?”

चीनच्या सीमेवर तोवर काही घडलेले नव्हते. पुढे घडले, वर्तमानपत्रांत जवानांचे फोटो आले, आणि टाळेबंदी जरा सैल होत होती त्या दिवसांत एका संध्याकाळी सरकारने अ‍ॅपवर बंदी घातली. कारण सांगितले गेले ते देशाच्या सुरक्षेचे. मी त्याला हसले नाही. तो डोंगर मी स्वतः पास केला होता.

बंदीची बातमी आली तेव्हा मी पाळीवर होते. तोंडावर मास्क होता, हातांना सॅनिटायझरचा दारूसारखा वास होता. अ‍ॅप अजून धुगधुगत होते. मला आलेला शेवटचा व्हिडिओ त्याच चाहते वाढवून मागणाऱ्या पुढाऱ्याचा निघाला. मागे तिरंगा, पुढे ओल्या डोळ्यांचे साहेब. देशासाठी मी आज या शत्रूच्या अ‍ॅपचा त्याग करीत आहे, असे ते त्याच अ‍ॅपवर सांगत होते, आणि शेवटी हात जोडून हा संदेश जास्तीत जास्त लोकांना पाठवण्याची विनंती करीत होते. यंत्राला तिरंग्यामागे ठेवलेली बाटली खटकली होती. मी नीट पाहिले, फिनाईलची होती. पास केले. त्यानंतर पडदा पांढरा झाला.

वासुदेवरावांनी दुसऱ्या दिवशी सर्वांना गूळ-फुटाणे वाटले. त्यांचा आनंद खरा होता, म्हणून मीही खाल्ले. ज्या फोनवर त्यांनी बंदीची बातमी आम्हाला वाचून दाखवली तो फोन चिनी होता. त्याबद्दल एकाने छेडले, तर म्हणाले की कॅमेरा चांगला हाय ना बाप्पा, त्याले काय करता.

आम्हाला घरी बसवले गेले नाही. धर्माधिकारी साहेब हे आमचे नागपूरचे कंत्राटदार. अत्यंत मृदू बोलत, आणि बोलण्याआधी चष्मा पुसत. त्यांनी सांगितले की गाळा चालू राहील, थोडे दिवस साफसफाई करा. त्याच साफसफाईच्या दिवसांत फाटकाशी जमना आली.

मी तिला लगेच ओळखले, कारण आवाज ओळखीचा होता. आईचाच, जरा खालच्या पट्टीतला. अंगणवाडीत मदतनीस, हातात फुटक्या काचेचा फोन, पदराला चुलीच्या धुराचा वास. आई उन्हाळ्यात वारली होती, ती म्हणाली. व्हिडिओ तिने अ‍ॅपमध्येच टिपले होते. फोनची मेमरी भरली म्हणून फोनमधले काढून टाकले, कारण फोन पडतो, फुटतो, हरवतो. एवढ्या मोठ्या कंपनीकडे ठेवलेले कुठे जाणार? आई गेल्यापासून ती रोज दिवेलागणीला अ‍ॅप उघडून तो आवाज ऐके. आणि एका दिवेलागणीला अ‍ॅप उघडले तर आत नुसती सूचना.

“मॅडम, मले नाच-गानं काई नोको,” ती म्हणाली. “बंद करा, अजून दहा करा. माह्या याडीचा आवाज तेवढा काढून द्या. माह्या पोरीले कोन शिकवन?”

वासुदेवराव खुर्चीतून उठले आणि तिला बसायला खुर्ची दिली. फाटकावर ती खुर्ची त्यांनी पुढाऱ्याच्या माणसालाही दिलेली नव्हती.

मी हरप्रकारे प्रयत्न केले. कंपनीच्या पत्त्यावर लिहिले. पापणी लवण्याआधी यंत्राचे उत्तर आले, की आपली माहिती आमच्याकडे पूर्ण सुरक्षित आहे. धर्माधिकारी साहेबांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हटले, मॅडम, भावना पोचली. मग मी शहरातल्या एका सरकारी कचेरीत गेले. तिथले अधिकारी तरुण, सभ्य, कोऱ्या कपड्यांचे. त्यांनी मला चहा दिला, आणि त्यांच्या संगणकावर माझे म्हणणे नोंदवण्यासाठी योग्य रकाना शोधू लागले.

“अ‍ॅप पुन्हा सुरू करण्याची मागणी आहे का?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, नाही. एका मृत बाईचे रडणे परत हवे आहे.

त्यांनी मान हलवली, काही टाइप केले, पुसले. मग समजावून सांगितले की माहिती तिकडे आहे म्हणूनच तर बंदी घातली. मी विचारले की तिकडची इकडे आणायची तर? त्यासाठी कंपनीचे इथे कार्यालय हवे, ते म्हणाले. ते तर बंदीमुळे बंद झाले, मी म्हटले. ते म्हणाले, बरोबर. आणि कोणीतरी गणित अचूक सोडवल्यावर शिक्षकाच्या चेहऱ्यावर येते तसे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरले. निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडले. आईंचा आवाज देशाच्या सुरक्षेला घातक नव्हता, याची मी नोंद घेतो, एवढे आश्वासन त्यांनी दिले.

देशी अ‍ॅप गौरी-गणपतीच्या सुमारास आले. त्याच गाळ्यात, त्याच खुर्च्यांवर. फाटकाला झेंडूची तोरणे होती. नारळ फोडायला तोच त्यागी पुढारी आला होता, आणि नव्या अ‍ॅपवर त्याचे खाते आम्ही पोचण्याआधीच उघडलेले होते. धर्माधिकारी साहेबांनी स्वावलंबनावर भाषण केले. मागच्या उद्घाटनाला त्यांनी ‘जग हे एकच गाव’ या विषयावर केले होते. नवी नियमावली वाटली गेली. ती जुनीच होती. मालकाचे नाव बदलले होते, एका पानावर बदलायचे राहिले होते. माझी ढावलोवरची ओळ जशीच्या तशी होती. स्वातंत्र्य मिळाले की जुने कायदे चालू ठेवावे लागतात, असे मी शाळेत शिकले होते; तो धडा मला त्या दिवशी समजला.

संध्याकाळी वासुदेवरावांनी माझ्या डब्याकडे न पाहताच विचारले, “यात डोंगराचा रकाना हाय का, मॅडम?”

नव्हता. कमरेचा होता.

दुसऱ्या दिवसापासून डबे ते पूर्वीइतक्या उत्साहाने तपासत नसत.

देशी अ‍ॅपने लोकसंस्कृतीची स्पर्धा लावली. धर्माधिकारी साहेबांच्या सांगण्यावरून मी जमनेला कळवले, की तांड्यावरचे काही असेल तर टाक. तिने टाकले काही नाही; स्पर्धेत पहिला आलेला व्हिडिओ घेऊन ती फाटकाशी आली. कुठल्याशा शहरातल्या स्टुडिओत एक गोरीपान मुलगी प्लास्टिकच्या आरशांची काचोळी घालून ढावलो गात होती. खाली डीजेचा ठोका, हुंदक्याच्या जागी बासरी, अश्रू काजळाच्या बरोबर बाजूने ओघळलेले. नवरीला गळ्यात पडायला माणूसच नव्हते. ती कॅमेऱ्याच्या गळ्यात पडली होती.

“हे रडून राह्यली का गिऱ्हाईक बलावून राह्यली?” जमनेने विचारले.

या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे विचार केला आहे. बंदी सुरक्षेसाठी होती की देशी दुकानासाठी, यावर मी शहाण्या माणसांचे लेख वाचले. दोन्ही बाजू आपापल्या जागी बिनचूक. मी काही मोठ्या खिडकीतून पाहिलेले नाही. माझी खिडकी काळ्या काचेची. तिच्यातून मला सीमा दिसली ती एकदा, एका डोंगराच्या कडेएवढी, आणि ती खरी होती. दुकान मात्र रोज दिसले. शत्रूच्या हाती डोंगर लागू नये म्हणून शत्रूचे दुकान बंद झाले, इथपर्यंत मी वासुदेवरावांच्या बाजूची. पण पुढचे दुकान उघडताना डोंगर झाकायचे कोणालाच आठवले नाही. पाटी बदलली, गल्ला हलला, डोंगर होता तिथेच उघडा राहिला.

देशी अ‍ॅपही टिकले नाही. त्यात पैसा ओतणाऱ्यांत परदेशी लोक बरेच होते असे मागाहून कळले, आणि ते ज्या दिवशी निघून गेले त्याच दिवशी स्वावलंबन संपले. मग एका अमेरिकन अ‍ॅपचे काम आले. खुर्च्या त्याच. धर्माधिकारी साहेबांनी चष्मा पुसला आणि ‘जग हे एकच गाव’ हे भाषण पुन्हा केले. यावेळी ते पूर्वीपेक्षा जमले होते. पुढाऱ्याने नारळ फोडला. वासुदेवरावांनी आता काही विचारले नाही, मीच जाऊन सांगितले की याही नियमावलीत डोंगराचा रकाना नाही. आता त्या कामाला माणसेही लागत नाहीत. यंत्र मराठी शिकले म्हणतात. विळीपाशी ते थांबते की नाही, मला ठाऊक नाही. गाळ्यात पुन्हा दालमिल आली आहे. बाजूने जाताना वास येतो, आणि तो आता मोकळेपणाने येतो.

या उन्हाळ्यात जमनेच्या मुलीचे, पूजाचे लग्न झाले. जमनेने मला आदल्या दिवशीच बोलावले. मी ते रडणे पाठ केले होते हे तिला वासुदेवरावांकडून कळले होते. करार मोडण्याचे धडे त्यांनी बहुधा माझ्याकडूनच घेतले. तिला स्वतःला आईच्या ओळी तुटक आठवत होत्या. शिकवणारी घरातच असल्यावर कोण कशाला पाठ करते? पूजाला नवरीसारखे रडता आले नाही तर तांड्यात आजीचे नाव जाईल, ही तिची चिंता होती, आणि मंगलीबाईंचे रडणे धड राहिले होते ते जगात दोनच ठिकाणी : परदेशातल्या कुठल्याशा थंड खोलीत, जिथे ते पूर्ण सुरक्षित आहे, आणि माझ्यात.

दुसऱ्या दिवशी काय झाले ते आधीच सांगून टाकते. गाडीत बसण्यापूर्वी पूजा आईच्या गळ्यात पडून रडली, आणि तिच्या रडण्यात बाभळीच्या काट्याची ओळ मी माझ्या कानांनी ऐकली. शब्द पोचले. काही तिने तिचे घातले, एक तर सरळ फोनच्या रेंजबद्दल होता, आणि तो चुकीचा वाटला नाही. पण मला सांगायचे आहे ते आदल्या संध्याकाळचे.

अंगणात शेणाचा सडा ओला होता, मोहाची सुकी फुले टोपलीत पडली होती, त्यांचा जड गोड वास दाटला होता. बायका गोलाकार बसल्या. पूजा समोर, मोबाइल उलटा ठेवून. जमनेने मला मध्ये बसवले आणि म्हणाली की व्हिडिओत याडी बसायची तशी बसा. मग ती माझ्याजवळ सरकली, माझ्या गळ्यात हात टाकला आणि गालाला गाल लावला. मी डोळे मिटले आणि सुरू केले.

एक शब्द चुकला नाही. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. हुंदके यतीच्या जागी पडले. वर्गात वृत्त समजावताना मी जशी आवाजाची चढण दाखवत असे तशी प्रत्येक ओळ वर गेली आणि जागेवर उतरली. पदराआड बायका हसू लागल्याचे मला ऐकू आले. पूजाही हसत होती, पण ओठ हलवून शब्द धरत होती. जमना हसली नाही. ती मिटल्या डोळ्यांनी, श्वास रोखून, हेडफोनमध्ये मी ऐकत असे तशी शेवटपर्यंत ऐकत राहिली.

मी थांबले. ती दूर झाली. तिचा गाल ओला होता. तिने तळवा उचलून माझ्या दुसऱ्या गालावरून फिरवला, वरून खाली, सावकाश, धान्य वाळले की नाही हे पाहावे तसा. माझा गाल तुरीच्या टरफलासारखा कोरडा होता. तिने तळव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि अतिशय मायेने, आमच्याच फाटकावर शिकलेला शब्द उच्चारला :

“बाद.”